चौथ्या मजल्यावरची तिसरी खोली

४, मंगळवार

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या आठवड्यात मी इथे मोठ्या ऐटीत लिहिलं की मामांच्या ऑफिसात मी माझी पहिली जाहिरात लिहिली: ‘चौथा मजला, तीन बेडरूम, भरपूर उजेड.’ चौथा मजला खरा आहे. उजेडही आहे. बेडरूम दोनच आहेत.

मी ते घर न बघता, नुसते फोटो समोर ठेवून लिहिलं होतं. फोटोत एक हिरव्या पडद्यांची खोली होती, एक निळ्या चादरीची आणि एक फुलाफुलांच्या चादरीची. आज मामांनी मला पहिल्यांदा तिथे पाठवलं, घर बघायला येणाऱ्यांना दार उघडून द्यायला. जरा लवकर पोहोचले म्हणून घरभर फिरले. तिसरी खोली सापडेना. मागच्या गॅलरीत जाऊन आले. खरं लिहायचं तर एक भिंतीतलं कपाटसुद्धा उघडून बघितलं. मग निळ्या चादरीच्या खोलीतल्या खिडकीकडे लक्ष गेलं. तिचा एक गज वाकलेला आहे. ‘तिसऱ्या’ खोलीच्या फोटोतही खिडकीचा एक गज वाकलेला आहे. खोली एकच, फोटो दोन कोपऱ्यांतून.

“फोटोवाल्याने चादर बदलायला लावली,” घरमालकीणबाई म्हणाल्या. “मला वाटलं, त्याला निळी आवडली नाही. म्हणून पाहुण्यांची ठेवणीतली काढली.”

या बाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. अख्खी इमारत त्यांना टेलिफोनबाई म्हणते. गुडघे गेलेत, इमारतीला लिफ्ट नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या शेजारचं तळमजल्यावरचं घर त्यांच्यासाठी अडवून ठेवलंय, पण फक्त या महिनाअखेरपर्यंत. तोवर हे विकलं गेलं तर त्या तिथे जातील. नाही तर ते दुसऱ्या कुणाला जाईल आणि बाई चौथ्या मजल्यावर राहतील.

आज आलेल्या जोडप्याला नवऱ्याच्या वडिलांसाठी तिसरी खोली हवी होती. दोघंही अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेले. तो माणूस ओरडला. नाही, ओरडला नाही, मोठ्याने बोलला. मी लाजेने अर्धी झाले. बरं झालं, खाली मामा गाडी घेऊन थांबलेच होते. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि नवीन इमारतीतले फ्लॅट दाखवायला नेलं. मामा कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत.

त्या फोटोवाल्याचा मात्र मला मनस्वी राग आलाय.

६, गुरुवार

मामांना सांगितलं. ते फोनवर होते. हात वर करून म्हणाले, “चुकलं असेल गं. बघतो.” मग फोन ठेवल्यावर, “इंचपट्टी, तू फार काळजी करतेस. जाहिरात सुंदर झालीय. म्हणून तर खाली संपर्काला तुझं नाव टाकलं.”

इंचपट्टी हे माझं ऑफिसातलं नाव. शिवणाऱ्या बाईची मुलगी म्हणून.

जाहिरातीखाली माझं नाव आहे हे आईने तिच्या दोन गिऱ्हाइकांना मोबाइलवर दाखवलं. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

७, शुक्रवार

जाहिरात आहे तशीच. मामा कामात आहेत.

दुपारी एका बाईंचा फोन. त्या रात्रपाळीला जातात आणि दिवसा झोपतात. घरात सासू आणि शाळकरी मुलगी. त्यांना दोन बेडरूमचं हवंय, पण एकमेकींना लागून नकोत. “तुमच्या साइटवर एवढी घरं आहेत,” त्या म्हणाल्या, “पण कुठली खोली कुठल्या खोलीला चिकटून आहे ते एकाही फोटोत कळत नाही. नकाशा पाठवा ना.”

मी म्हटलं, आम्ही नकाशे नाही ठेवत.

“मग तुम्ही घरं विकता की फोटो?”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चिडलेली होते. किती तोऱ्यात बोलतात लोक! नंबर मात्र लिहून घेतला.

८, शनिवार

आज सकाळपासून तीन कुटुंबं. तिन्हींना तीन बेडरूम हव्या होत्या, साहजिकच. त्यांनी तेवढ्याच मागितल्या होत्या आणि साइटने त्यांना हे घर दाखवलं होतं.

पहिल्या कुटुंबातल्या आजोबांनी चार जिने चढून खुर्ची मागितली आणि दहा मिनिटं नुसता श्वास घेतला. दुसरे लोक आपसात इंग्रजीत बोलले. आम्हाला कळणार नाही असं त्यांना वाटलं. टेलिफोनबाईंनी तीस वर्षं लोकांची इंग्रजी बोलणी जोडून दिलीत. तिसरा गृहस्थ मात्र सरळ बाईंच्या तोंडावर म्हणाला, “या वयात खोटं बोलताना काही वाटत नाही?”

टेलिफोनबाईंनी उठून त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला, हे विशेष!

मी म्हटलं, जाहिरात मी लिहिलीय, त्यांचा काही संबंध नाही. तो म्हणाला, “मग तुला तर लाजच वाटायला पाहिजे.” बरोबरच बोलला. तरी रागाने माझे कान तापले, कारण माझ्या बाजूने बोलायला तिथे कुणी नव्हतं आणि बाईंच्या बाजूने बोलायला फक्त मी.

सगळे गेल्यावर टेलिफोनबाई हळूच म्हणाल्या, “एक विचारू? माझ्या घरात अजून एखादी खोली आहे का गं? इतकी माणसं इतक्या खात्रीने विचारतात, की काल अंघोळ करून बाहेर आले आणि क्षणभर मलाच वाटलं, असेल बाई, आपणच विसरलो असू.”

मला हसू आलं नाही.

तिघांनाही मामांनी नवीन इमारतीत नेलं. त्यातल्या एकांनी तिथे फ्लॅट नक्की केला म्हणे. मामा किती धावपळ करतात.

९, रविवार

माझी पहिली शाळा म्हणजे आईचं कटिंगचं टेबल. आजारपणात दोन वर्षं शाळा हुकली, तेव्हा अस्तराच्या कापडावर खडूने अक्षरं गिरवली आणि खाकी कागदावर बाह्या, गळे, कळ्या काढत गणित शिकले. आईचा एकच धडा: पुढचा भाग आणि मागचा भाग शिवणीला भेटलाच पाहिजे. नाही भेटला तर कापडाला बोल लावू नकोस, मापं बघ.

आज ती एका झग्याच्या चोळीचा कागद कापत होती आणि मला एकदम दिसलं. फोटोत कुठलीच भिंत कुठल्या भिंतीला भेटत नाही. प्रत्येक फोटो आपल्यापुरता खरा असतो, आणि पाच खरे फोटो मिळून एक खोटं घर उभं करतात. कागदावर ते जमणार नाही. कागदावर तिसरी खोली काढायला गेलं की ती दुसरीच्या अंगावर पडेल.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “दादाच्या कामात नाक खुपसू नकोस.” दादा म्हणजे मामा, आईपेक्षा मोठे.

तिचा टेप मी पिशवीत टाकलाय. विचारून.

१०, सोमवार

कामानंतर टेलिफोनबाईंकडे गेले. शिवणाचा टेप पाच फुटी. पाच फूट मोजायचं, खडूने खूण करायची, पुढे सरकायचं. बाई खुर्चीत बसून एक टोक धरायच्या आणि मी खुर्चीसकट त्यांना सरकवायची. “माझ्या घरात मी प्रवास करतेय,” त्या म्हणाल्या. चहा झाला. त्यांनी विचारलं, मामांना माहीत आहे ना? मी म्हटलं, त्यांना आनंदच होईल.

१२, बुधवार

नकाशा जुळत नाही! आतला लांब पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला तर जास्त भरतो, आणि त्याच्या बाजूच्या खोल्यांची बेरीज केली तर कमी. काल दोनदा केली, आज पुन्हा. कुठेतरी जागा हरवलीय.

लिहायला लाज वाटते, पण जेवताना माझ्या मनात आलं, की असेल बुवा काहीतरी. चिंचोळी, बुजवलेली, पण खोली. मग मामांचं खरं, फोटोवाल्याचं खरं, आणि मी कुणालाच काही बोलायला नको. घास हातात तसाच राहिला, इतकं सुटल्यासारखं वाटलं.

१३, गुरुवार

पुन्हा गेले, दारात उभी राहिले आणि चौकटीत हात घातला. भिंत. भिंतीला जाडी असते! मी प्रत्येक खोली आतून मोजली आणि कागदावर एकमेकींना टाके घातल्यासारखी चिकटवली. कापडाला जाडी नसते ना. शिंपिणीच्या पोरीशिवाय ही चूक कुणाला सुचणार नाही.

टेलिफोनबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. “म्हणजे तिसरी खोली भिंतीत आहे तर! सांगू या त्या गृहस्थाला, भिंतीत शिरा म्हणून.”

भिंतींची जाडी घातली आणि नकाशा जुळला. कोपऱ्याला कोपरा. आणि मग जे दिसलं ते पाच फोटोंत कधीच दिसलं नव्हतं. दोन्ही बेडरूम घराच्या दोन टोकांना आहेत. मध्ये स्वयंपाकघर आणि बैठक. एका खोलीत कुणी दिवसा झोपलं तर दुसऱ्या खोलीतलं पाढे म्हणणं तिथपर्यंत जाणार नाही. स्वयंपाकघर तर बेडरूमपेक्षा मोठं, दोन बाजूंनी खिडक्या. हे चांगलं घर आहे. तीनचं घर म्हणून ते खोटं आहे. दोनचं म्हणून उत्तम आहे. आणि दोनचं शोधणाऱ्या एकाही माणसाला ते दिसत नाही, कारण आम्ही ते तीनमध्ये टाकलंय! नको ती माणसं चार जिने चढतात आणि हवी ती माणसं आपापल्या घरी बसून दुसरं शोधतात. मला हे इतक्या उशिरा कळावं याचा संताप येतो.

त्या रात्रपाळीच्या बाईंचा तोरा मला आता तोरा वाटत नाही.

१४, शुक्रवार

नकाशा स्वच्छ काढून मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला. “वा! हात चांगला आहे तुझा.” मग गुंडाळी करून मला परत दिला.

“साइटवर टाकू ना? आणि दोन बेडरूम करते.”

“वेडी आहेस का? नकाशा बघून माणूस घरबसल्या नाही म्हणतो.”

“पण मामा, ज्याला नाहीच म्हणायचंय त्याने घरबसल्याच म्हणावं ना. त्याचा दिवस वाचेल, बाईंचा वाचेल. आणि नकाशा बघून जो येईल तो घ्यायलाच येईल.”

“इंचपट्टी, ऐक.” ते हसत होते, प्रेमानेच. “माणूस जिना चढला नाही, तर तो खाली येणार कसा? आणि खाली आला नाही, तर माझ्या गाडीत बसणार कसा?”

मी पण हसले. विनोद वाटला.

१५, शनिवार

आज काही लिहिण्यासारखं नाही.

हे खोटं आहे. आज चार कुटुंबं आली. त्यातल्या एका बाईंनी जाहिरात उघडून माझं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “ही तूच का?” मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शनिवारचं काही लिहावंसं वाटत नाही.

१७, सोमवार

ऑफिसात फोटोवाला आला होता. मी त्याच्यावर तुटूनच पडले. एकच खोली दोनदा, शरम नाही वाटत, एका म्हाताऱ्या बाईला लोक खोटारडी म्हणतात. सगळं मनात पाठ केलेलं होतं, दोन आठवडे.

तो कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत उभा राहिला. मग म्हणाला, “संपलं का? मला सांगितलं तसं मी केलं. चादर बदलायची कल्पनासुद्धा माझी नाही.” थोडा थांबून, “मला वाटलं, तुला माहीत आहे. खाली नाव तुझं आहे ना?”

“मामांनी सांगितलं?”

“अगं, ते घर विकायचंच नाहीये. लोक तिथून वैतागून उतरतात, मग नवीन इमारतीतली लहानशी खोलीसुद्धा त्यांना महाल वाटते. तिथलं कमिशन काय आहे माहीत आहे का? टेलिफोनबाईंचं घर म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. गांडूळ विकतं का कुणी?”

मी त्याची माफी मागितली नाही. मागायला हवी होती. उद्या मागेन.

मागची सगळी पानं वाचून काढली. चहा पाजला. धावपळ करतात. रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. माझ्याच अक्षरात, आणि वाचताना दिसतंय की प्रत्येक पानावर ती गाडी खाली उभी आहे. मी एकेक दिवस खरा लिहीत गेले. जोडून एकदाही बघितले नाहीत.

१८, मंगळवार

फोटोवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ दे. पण नकाशा काढलाय म्हणे? मला दाखव.” बघून म्हणाला, “हे वर लावलं असतं तर मला एवढे फोटो काढावेच लागले नसते. एवढा एक काढला असता,” आणि स्वयंपाकघराच्या दोन खिडक्यांवर बोट ठेवलं.

संध्याकाळी टेलिफोनबाईंकडे. मामा येऊन गेले होते. म्हणाले, एवढी माणसं बघून नाही म्हणतात, म्हणजे घरातच काहीतरी आहे, किंमत उतरवा. आणि बाई तयार झाल्या! “त्यांचंही बरोबरच आहे. एवढ्यांनी नाही म्हटलं म्हणजे…”

कुणीही त्यांच्या घराला नाही म्हटलेलं नाही! जे घर अस्तित्वातच नाही त्याला नाही म्हटलंय! मी हे इतक्या जोरात बोलले की शेजारचं दार उघडलं.

सगळं सांगितलं. गाडी, गांडूळ, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. एक्स्चेंजमध्ये अशाच ऐकत असतील.

“चुकीच्या नंबरला लाइन जोडली गेली,” त्या म्हणाल्या, “की दोन्हीकडची माणसं आमच्यावर खेकसायची. आम्ही म्हणायचो, सॉरी, पुन्हा लावते. एवढंच असायचं आमच्या हातात.” मग, “बहिणीचा फोन होता. त्या तळमजल्यावरच्या घराची माणसं परवा पुन्हा विचारून गेली, येणार की नाही म्हणून.”

१९, बुधवार

आईशी भांडण.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझे बाबा गेले तेव्हा हे मशीन कुणी आणून दिलं?”

“मामांनी.”

“तुझ्या औषधांचं कुणी बघितलं?”

“मामांनी. म्हणून मी त्या बाईंना चौथ्या मजल्यावर ठेवायचं का? मशीन आपल्याला मिळालं आणि फेडायचं त्यांनी?”

“जीभ फार चालते तुझी.”

“तूच शिकवलंस, शिवणीला भेटलं नाही तर मापं बघ.”

“ते कापडाचं होतं!” आई एवढ्या जोरात ओरडली की मशीनवरचं रीळ खाली घरंगळलं. मग दोघीही ते टेबलाखाली शोधत राहिलो. सापडलं मला.

मामा वाईट नाहीत असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. आता वाटतं, तेही खरं आहे, खोडायला नको होतं. त्यांनी आम्हाला सांभाळलं हेही खरं आणि त्यांनी माझं नाव त्या खोट्याखाली घातलं हेही खरं. दोन्ही एकाच कागदावर काढायचं आहे आणि मला ते जमत नाहीये.

२०, गुरुवार

साइटचा पासवर्ड माझ्याकडे आहे. आज ऑफिसात बसून होते तेव्हा दोन मिनिटांत झालं असतं: तीन पुसायचं, दोन लिहायचं, नकाशा चढवायचा, निळ्या किंवा फुलांच्या चादरीचा एक फोटो काढून टाकायचा. बोट तिथपर्यंत गेलं. पण मामांच्या पाठीमागे केलं तर मी आणि तो चादर बदलून काढलेला फोटो यात फरक काय? समोर करायचं. ते खुर्चीत बसलेले असताना, त्यांना सांगून. मग त्यांनी मला काढलं तर काढलं. काढतीलच.

त्यांनी नंतर जाहिरात पुन्हा बदलली तर? बदलतील. म्हणून खाकी कागदावर मोठी प्रत काढलीय. एक टेलिफोनबाईंकडे राहील. त्या म्हणाल्या, दाराच्या बाहेरून लावते, येणाऱ्याने आधी वाचावं आणि मग घंटा वाजवावी. शिवाय जाहिरात त्या दुसरीकडेही देऊ शकतात, घर त्यांचं आहे. हे त्यांना मामांनी कधी सांगितलं नव्हतं. एक प्रत त्या रात्रपाळीच्या बाईंना पाठवणार. त्यांनी एव्हाना दुसरं घर घेतलं असेल, बहुतेक. तरी पाठवणार.

जेवण झाल्यावर आई कटिंगच्या टेबलाशी आली. माझा नकाशा पसरलेला होता. तिने तो बराच वेळ बघितला, बोटाने पुढच्या दारातून आत शिरली, पॅसेजमधून गेली, स्वयंपाकघरात थांबली.

“ओटा खिडकीखाली आहे?”

“हो.”

“चांगलं आहे.” मग बोट पुढे नेलं, दुसऱ्या टोकाच्या खोलीपर्यंत, आणि तिथून पुढे कागदाच्या कडेपर्यंत. “यापुढे काही नाही?”

“नाही. तिथे घर संपतं.”

ती उठली. टेबलावरचा दिवा बंद केला, मशीनवर कापड घातलं. मला वाटलं, झालं, बोलणं संपलं. दारात पाठमोरीच थांबली.

“शनिवारी दुपारी दादा जेवायला येणार आहे.”

“माहीत आहे.”

“मग त्याला सकाळीच सांग. जेवताना नको. यायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवता येईल.”

शनिवार, बावीस तारीख. सकाळी दहा, मामांच्या ऑफिसात, पहिलं कुटुंब यायच्या आत.